मोटरहोमचा टप सुरक्षितपणे कसा धुवावा: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, तुर्भे, खारघर, पनवेल या पट्ट्यात मोटरहोम किंवा कॅम्परव्हॅन बाळगणारी मंडळी टपाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. सगळ्या उत्तरांचा रोख एकच आहे: टपावर न चढता टप धुता येतो आणि तो तसाच धुवावा. साबण-शॅम्पूचा विषय त्यानंतरचा.

पावसाळ्यात टप आपोआप धुतला जातो. मुद्दाम कशाला धुवायचा?

पाऊस सुटी धूळ नेतो, चिकटलेलं काही नेत नाही. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं, पण त्याआधीच्या आठ महिन्यांत टपावर काय काय साचतं ते बघा. ठाणे-बेलापूर रोडची धूळ, घोडबंदरला मेट्रोच्या कामातून उडणारं सिमेंट, खाडीकडून येणारी खारी दमट हवा, कावळ्या-कबुतरांची विष्ठा, एप्रिल-मेमध्ये सोनमोहराच्या पाकळ्यांचा थर. पहिल्या सरीत या सगळ्याचा चिखल होतो आणि टपाच्या कडेच्या पन्हळीत जाऊन बसतो. पाणी तुंबतं. तुंबलेल्या पाण्याला घाई नसते, सीलंटमधली (सांधे बुजवणाऱ्या लेपातली) एखादी केसाएवढी भेग ते निवांत शोधून काढतं. गाडीच्या बाजूंवर जे काळे ओघळ दिसतात, ज्यांच्यावर लोक महागडी पॉलिशं घासतात, त्यांचा उगम बहुतेक वेळा वरच असतो. टप स्वच्छ ठेवला की ओघळ बरेच कमी होतात.

खाऱ्या हवेचा आणखी एक उपद्व्याप आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात कुणी साधे लोखंडी स्क्रू मारले असतील तर दोन धातूंच्या मध्ये मिठाचं पाणी शिरून स्क्रूभोवतीचा ॲल्युमिनियम खाल्ला जातो. वरून पांढरी भुकटी दिसते, खाली भोक मोठं होत असतं. नेरूळ, सीवूड्स, ऐरोलीला खाडीच्या बाजूला गाडी उभी राहत असेल तर हे हमखास तपासा.

आणि टप धुताना तो बघितला जातो, हा खरा फायदा. एरवी महिनोन्‌महिने तिकडे कुणाची नजर जात नाही.

वर्षातून किती वेळा धुवावा? कोणत्या वेळी?

नीट, साबण लावून, दोनदा. एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास. मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात धुवायला घेतलंत आणि सीलंट फाटलेलं सापडलं, तर नवं सीलंट वाळायला कोरडे दिवस उरत नाहीत. म्हणून मे. अधूनमधून झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर लांब दांड्याच्या मऊ ब्रशने पाला ओढून काढत राहा, त्याला पाणीही लागत नाही.

वेळ सकाळची, साडेसहा ते नऊ. मेच्या दुपारी पत्र्याचा टप हात भाजेल इतका तापतो आणि साबण जागच्या जागी वाळून डाग पडतात. थंडीत मात्र उलटं: डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव टपावर आणि शिडीच्या पायऱ्यांवरही असतं, तेव्हा ऊन थोडं वर येऊ द्या. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत आणि ऑक्टोबरात ढग गडगडले तर अर्धवट साबण तसाच ठेवून खाली या. साबण पुन्हा लावता येतो.

टपावर चढल्याशिवाय मधला भाग कसा निघणार?

हिशेब करून बघा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची रुंदी नियमानुसार २.६ मीटरच्या वर जात नाही, आणि आपल्याकडच्या फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर बांधलेली बहुतेक मोटरहोम त्याहून बरीच अरुंद असतात. म्हणजे टपाची मधली रेषा कुठल्याही बाजूने जास्तीत जास्त १.३ मीटरवर. दोन-अडीच मीटरच्या दांड्याचा ब्रश असेल तर अर्धा टप डावीकडून आणि अर्धा उजवीकडून आरामात होतो. टपाच्या वर फक्त डोळे न्यायचे आहेत, पाय नाहीत. टप जमिनीपासून २.७ मीटरवर असेल तर दीड मीटर उंच फळीवर उभं राहिलं की साधारण उंचीच्या माणसाला सगळा टप दिसतो.

त्यासाठी सगळ्यात चांगली म्हणजे चाकांची परांची. इमारतीचे रंगकाम करणारे वापरतात तीच, लहान आकाराची. ती दिवसाच्या भाड्याने मिळते. चाकांचे ब्रेक लावा, कठडा बसवून घ्या आणि माणूस वर असताना परांची ढकलू नका. हे शेवटचं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे ढकलतात. परांची नाही मिळाली तर रुंद पायऱ्यांची, वर हाताला धरायला दांडी असलेली घोडी चालेल. दांड्यातून पाणी वाहणारे लांबवता येणारे ब्रश हल्ली सोलर पॅनल धुण्यासाठी सर्रास विकले जातात. त्यांचे केस मऊ असतात, टपालाही तेच घ्या.

वर चढून धुण्यात धोका काय, तर ओला, साबण लागलेला फायबर किंवा रंगवलेला पत्रा पायाला अजिबात पकड देत नाही. त्यात माणूस घासताना मागे मागे सरकतो आणि पाठीला डोळे नसतात. नऊ फूट ऐकायला काही वाटत नाही, पण खाली पेव्हर ब्लॉक असतात आणि पडणारा माणूस पायांवर पडेल असं कुणी सांगितलेलं नसतं. एवढ्या उंचीवरून डोक्यावर पडून माणसं दगावतात.

सीलंट दुरुस्त करायला तर वर जावंच लागेल. माझ्या टपावर चालता येतं का?

आधी गाडी बांधणाऱ्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "हो हो, काही होत नाही" हे उत्तर धरू नका. बाहेरून सगळे टप सारखे पांढरे दिसतात, पण काहींच्या खाली पोलादी आडव्या पट्ट्या असतात, काहींच्या खाली नुसता थर्माकोल आणि पातळ प्लाय. रिव्हेटच्या ओळी दिसत असतील तर त्यांच्या खाली पट्टी असते. मधला भाग मुठीने ठोकला की पोकळ, दबका आवाज येतो. हात दाबल्यावर पृष्ठभाग खाली जाऊन वर येत असेल तर तिथे पाऊल नाहीच. टपाला एकदा पोचा आला की पुढच्या प्रत्येक पावसात तिथे डबकं होतं. डेंग्यूच्या डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

जावंच लागलं तर टप ठणठणीत कोरडा असताना जा. दोन-तीन पट्ट्यांवर बसेल असा प्लायचा तुकडा, त्याच्याखाली जुनी चादर, आणि त्यावर गुडघे टेकून काम. उभं राहून चालायचं नाही. पायात मऊ रबरी तळव्याचे बूट. चपला, सँडल, पायमोजे यातलं काही नको. तोंड नेहमी जवळच्या कडेकडे ठेवा, म्हणजे सरकताना तुम्ही कडेपासून लांब जाता. खाली एक माणूस हवाच, फोनवर न बोलणारा. चक्कर येणारे, रक्तदाबाच्या गोळीचा डोस नुकताच बदललेले, रात्रभर गाडी चालवून आलेले, यांनी त्या दिवशी खालचं काम घ्यावं.

नुसतं बघायचं असेल तर वर जायची गरज नाही. मोबाईल सेल्फी स्टिकला लावा, व्हिडिओ सुरू करा आणि कडेने सावकाश फिरवा. खाली बसून मोठा करून बघा. उभ्या माणसाला दिसत नाहीत त्या भेगाही त्यात दिसतात.

शिडी कोणती घ्यावी आणि कशी लावावी?

टेकवायची शिडी असेल तर उंचीच्या एक चतुर्थांश अंतर पायथ्याशी ठेवा. टपाची कड २.७ मीटरवर असेल तर शिडीचे पाय गाडीपासून साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर लांब. याहून जवळ लावली तर तुमच्यासकट मागे येते, लांब लावली तर खालून घसरते. टपावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर निदान एक मीटर निघालेली हवी, नाहीतर पाऊल टाकताना हाताला धरायला काही उरत नाही. पडणं घडतं ते बहुतेक याच क्षणी, शिडीवरून टपावर आणि टपावरून परत शिडीवर येताना.

शिडीची वरची टोकं जुन्या टॉवेलने गुंडाळा. ती टपाच्या मजबूत कडेवर टेकली पाहिजेत. ऑनिंगच्या (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराच्या) डब्यावर, खिडकीच्या चौकटीवर किंवा सोलरच्या ब्रॅकेटवर कधीच नको. खाली पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील, आणि ते असतातच, तर दोन्ही पायांखाली एकच मोठी जाड फळी ठेवा. एका पायाखाली वीट ही आपली आवडती युक्ती आहे, ती सोडून द्या. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय शिडीवर हवेतच, म्हणजे बादली हातात घेऊन चढायचं नाही. दोरीने ओढा. बाजूला वाकताना बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेली की समजा शिडी हलवायची वेळ झाली. घोडी असेल तर वरच्या दोन पायऱ्या उभं राहण्यासाठी नसतात.

घडीची ॲल्युमिनियमची शिडी हलकी आणि सोयीची. पण जवळपास विजेच्या तारा असतील तर ती आणू नका, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

गाडीच्या मागे शिडी बसवलेलीच आहे. ती का नाही वापरायची?

ती उभी सरळ असते, पायऱ्या गोल पाइपच्या आणि अरुंद असतात, आणि वर पोचल्यावर धरायला बहुतेक वेळा काही नसतं. तिचे बोल्ट फायबरमधून गेलेले असतात आणि तेच पाणी शिरायच्या जागा असतात. हलवून बघा, खळखळली तर आधी ती दुरुस्त करा. कोरड्या दिवशी चार पायऱ्या चढून टपाकडे डोकावण्यापुरती ती ठीक आहे.

सेफ्टी बेल्ट, हार्नेस लावला तर?

अडकवणार कशाला? मोटरहोमच्या टपावर माणसाचा झटका सोसेल असा खुंटा नसतो. सोलरची चौकट, एसीचं कव्हर, सामानाचा रॅक, यातलं काही त्यासाठी केलेलं नाही. शिवाय धक्का शोषणाऱ्या पट्ट्याच्या नेहमीच्या हार्नेसला पूर्ण उघडून माणूस थांबवायला पाच मीटरच्या आसपास मोकळी जागा खाली लागते. आपला टप पावणेतीन मीटरवर. हार्नेस काम करायच्या आत जमीन येते. डोक्यावर पक्की तुळई किंवा लाइफलाइन असलेल्या वर्कशॉपमध्ये गोष्ट वेगळी.

गाडी कुठे उभी करून धुवावी? सोसायटीत चालेल का?

पोडियमच्या पार्किंगमध्ये एवढी उंच गाडी मुळात शिरत नाही, त्यामुळे प्रश्न असतो तो आवारातल्या मोकळ्या जागेचा. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगा. नळी लावून धुतलंत तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर जातात आणि मे महिन्यात, पाणीकपातीच्या नोटिशीखाली उभं राहून हे करणं शोभत नाही. बादल्यांनी धुतलं तर साठ-सत्तर लिटरमध्ये मध्यम आकाराचा टप होतो. नवी मुंबई पालिकेच्या हद्दीतल्यांनी लक्षात ठेवावं, तुमच्या नळाला येतं ते बहुतेक पालिकेच्या मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी आहे. बोअरवेलचं वापरलंत तर हरकत नाही, फक्त ते जड असेल तर वाळताना पांढरे ठिपके सोडतं, म्हणून शेवटी पुसून घ्या.

सांडपाणी कुठे जातं हेही बघा. रस्त्याकडेचं पावसाळी गटार मलनिस्सारण केंद्रात जात नाही. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर वसलेला असल्याने इथे पावसाचं पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडतात. त्याच ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. ब्लीच किंवा ॲसिड वापरणार असाल तर पाणी तिकडे सोडू नका. साध्या सौम्य साबणाचं पाणी मातीत, झाडांच्या आळ्याबाहेर मुरू द्या.

आता तारा. वर बघा, मग गाडी लावा. कळवा, दिघा, ऐरोली भागात उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून जातात, ठाण्याच्या जुन्या वस्त्यांत आणि गावठाणांत खांबांवरच्या तारा हाताशी येतील इतक्या खाली असतात. शिडी आणि लांबवलेला दांडा मिळून तुम्ही सहज पाच मीटरच्या वर पोचता. दांडा ॲल्युमिनियमचा, त्यातून पाणी वाहतंय, हात ओले. उच्चदाबाच्या तारेला तर स्पर्श व्हायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. तारेखाली धुवायचंच नाही, एवढं साधं.

जमीन सपाट, पण गाडीचं तोंड किंचित वर असेल तर पाणी मागे वाहून जातं. हँडब्रेक, गिअर आणि चाकांना लाकडी ठोकळे. किल्ली धुणाऱ्याच्या खिशात, म्हणजे कुणी "जरा पुढे घेतो" म्हणून सुरू करणार नाही.

कोणता साबण? घरची कपड्यांची पावडर चालेल का?

कपड्यांची पावडर नको. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, त्याने रंग निस्तेज होतो आणि ॲल्युमिनियम काळवंडतो. रंगवलेला पत्रा असो, फायबर असो वा ॲल्युमिनियम, गाड्यांचा साधा शॅम्पू सगळ्यांना चालतो. भांडी घासायचं द्रव एखाद्या वेळी चालेल, पण ते वॅक्सही उतरवतं. परदेशातून आणलेल्या गाड्यांवर कधी काळ्या-पांढऱ्या रबराचं आच्छादन असतं. त्याला पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा संत्र्याच्या तेलाचं कुठलंही क्लीनर लावू नका, रबर फुगतं आणि चिकटवलेलं सुटतं. ॲल्युमिनियमला ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही वर्ज्य. तारेची घासणी, काथ्या आणि खरखरीत स्कॉच पॅड घरीच ठेवा.

फायबरच्या टपावर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल तर ती धूळ नाही, उन्हाने वरचा थर जळतो आहे. ती धुऊन जाणार नाही. तिला पॉलिश आणि उन्हापासून वाचवणारा लेप लागतो.

मग प्रत्यक्ष धुवायचं कसं?

खिडक्या, टपावरची झडप, फ्रिजची जाळी बंद करा. बाहेरच्या विजेचा प्लग काढा, इन्व्हर्टर बंद करा. ऑनिंग गुंडाळलेली असू द्या. आधी कोरडा पाला ओढून काढा आणि पन्हळीची भोकं एखाद्या प्लास्टिकच्या पट्टीने मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. मग बाजू भिजवा. हे लोक विसरतात: बाजू कोरड्या असतील तर वरून आलेलं घाण पाणी तिथे वाळून पट्टे ओढतं. टप भिजवा, एका वेळी मीटरभर पट्टा घ्या, साबण लावा, वाळायच्या आत धुवा, पुढे सरका. ब्रशला भार देण्याऐवजी साबणाला दोन-तीन मिनिटं द्या. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक ब्रश खळबळायची. नाहीतर सिमेंटची रेती परत टपावर फिरवत बसाल. एक बाजू झाली की परांची दुसऱ्या बाजूला. शेवटी लांब दांड्याच्या वायपरने पाणी ओढून घ्या आणि बाजू पुन्हा वरून खाली धुवा.

प्रेशर वॉशर वापरू का? पाच मिनिटांत होतं.

होतं, आणि पाच मिनिटांत सीलंटही निघतं. शंभर बार दाबाच्या वरचा झोत सांध्यांवर, झडपेच्या कडेवर, एसीच्या कव्हरखाली आणि सोलरची वायर टपातून आत जाते त्या जागी पाणी घुसवतो. तिथे पाऊस वरून पडेल अशी सोय केलेली असते, आडव्या झोताची नसते. शिवाय शिडीवर उभं राहून बंदूक चालवली की तिचा मागचा धक्का तुम्हाला बसतो. टपाला साधी नळी पुरते.

सोलर पॅनल, टपावरची काच, एसी यांचं काय?

पॅनल सकाळी थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. मऊ ब्रश, साधं पाणी, फार तर थेंबभर शॅम्पू. आधी आयसोलेटर (पॅनलची वीज तोडणारा स्विच) बंद करा, पण एक ध्यानात घ्या की ऊन आहे तोवर पॅनल स्वतः वीज बनवतच असतं, स्विचने ते थांबत नाही. १२ व्होल्टसाठीचं एक पॅनल मोकळं असताना वीस-बावीस व्होल्ट देतं, त्याने सहसा काही होत नाही. तीन-चार पॅनल मालिकेत जोडलेली असतील तर आकडा साठ-ऐंशीच्या घरात जातो, आणि काच फुटलेली, वायर सोललेली असेल तर ओल्या हाताने तिथे जाऊ नये.

टपावरची "काच" बहुतेक काच नसते, ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट असतं. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव, थिनर, स्पिरिट यांनी तिला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. साबणपाणी आणि मऊ फडकं, बस. आणि तिच्यावर हात टेकून भार देऊ नका.

एसीचं कव्हर बाहेरून पुसा. आतल्या पात्यांची सफाई एसीवाल्याचं काम.

शेवाळ, जांभळाचे डाग, कबुतरांची घाण, झाडाचा चिकटा… हे कसं काढायचं?

कबुतरांची घाण वाळलेली कधीच खरवडू नका. तिची धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते आणि त्यातून बुरशीचे व इतर आजार होतात. एन-९५ मास्क, हातमोजे, आधी ओलं फडकं दहा मिनिटं टाकून ठेवा, मग उचला. लवकर काढा, कारण ती रंगही खाते.

आंब्याखाली गाडी असेल तर मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. कोमट साबणपाणी दोनदा लावलं की निघतो. जांभूळ मे-जूनमध्ये, आणि रात्री वटवाघळांनी खाऊन टाकलेलं तर आणखी वाईट. ताजं असेल तर साबणाने जातं. पांढऱ्या फायबरवर मुरलेल्या डागाला औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बघा, आधी कोपऱ्यात. सिमेंटचे वाळलेले थेंब पांढऱ्या व्हिनेगरच्या ओल्या फडक्याखाली मऊ होतात. खरवडलेत तर रंगासकट येतात.

शेवाळाला पहिला उपाय व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फायबरवर किंवा रंगवलेल्या पत्र्यावर. उघड्या ॲल्युमिनियमला तेही नको. तिथे साबण आणि वेळ. ब्लीच वापरायचंच तर एका भागाला दहा भाग पाणी, सावलीत, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. ॲल्युमिनियम आणि ऑनिंगच्या कापडापासून लांब. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया यातलं काहीही मिसळायचं नाही, एकामागोमाग एकाच ओल्या जागेवरही लावायचं नाही. विषारी वायू निघतो. मोकळ्या हवेतही शिडीवरच्या माणसाला एक ठसका पुरतो.

वॉशिंग सेंटरला दिली तर काम सोपं नाही का?

ट्रक-बस धुणारी सेंटरं शिळफाटा, कळंबोलीकडे आहेत आणि गाडी खालून धुवायला ती उत्तम. टपाचा विषय निघाला की तिथे एक पोरगा अनवाणी वर चढतो, हातात प्रेशरची बंदूक. त्याचं पडणं हे त्याचं नशीब आणि तुमच्या टपाचं सीलंट हे तुमचं, अशी तिथली व्यवस्था. ती मान्य करू नका. "टप मी करेन, बाकीचं तुम्ही करा" म्हणा, किंवा परांची असलेलं वर्कशॉप शोधा. घरच्या ड्रायव्हरला किंवा क्लीनरलाही "जरा वर चढून बघ रे" म्हणताना जी शिडी आणि जो माणूस स्वतःसाठी लावाल तो त्याच्यासाठीही लावा.

कुणी पडलंच तर?

उठवू नका. पाणी पाजू नका, मान हलवू नका, १०८ ला फोन करा. शिडी तारेला लागून पडलेला असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका. माणूस स्वतः उठून "काही नाही झालं" म्हणाला तरी डोक्याला मार असेल तर त्याच दिवशी दवाखाना. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी ही काही तासांनीही सुरू होते.

धुतल्यावर वॅक्स लावावं का? आणि ताडपत्री?

वॅक्स लावा, पण माणूस कधीतरी गुडघे टेकणार त्या पट्ट्यावर नको. ताडपत्रीबद्दल माझं मत वाईट आहे. वाऱ्यात फडफडून ती रंग घासते, खाली दमटपणा कोंडते आणि शेवाळ वाढवते. पत्र्याची शेड परवडली तर ती बघा.

धुताना सीलंटमध्ये भेग दिसली. त्यावर सिलिकॉन मारून टाकू?

नको. सिलिकॉन एकदा बसलं की त्यावर पुढचं कुठलंच सीलंट धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूही खातं. जुनं सुटलेलं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने काढा, जागा पूर्ण कोरडी करा आणि पॉलियुरेथेनचं सीलंट भरा. मोठ्या झडपेच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लागते, ते काम चौकट सोडवून करायचं असतं आणि जाणत्याकडून करून घ्यावं. डांबराच्या पट्ट्या उन्हात वितळून ओघळतात.

टप धुतला आणि आत पलंगावर थेंब पडले. भोक पलंगाच्या वरच आहे ना?

बहुतेक नाही. पाणी टपाच्या पट्टीवरून किंवा वायरच्या पाइपमधून दोन-तीन फूट वाहत येतं आणि मग जागा मिळेल तिथे टपकतं. टप पूर्ण वाळू द्या. मग एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर परांचीवर. नळीचं पाणी अगदी हळू, झोत न करता, सगळ्यात खालच्या सांध्यापासून सुरू करा आणि प्रत्येक सांध्यावर पाच-सात मिनिटं थांबून वर सरका. वरून सुरू केलंत तर सगळे सांधे एकदम भिजतात आणि कुठून आलं ते कळत नाही. आतल्या माणसाने छताच्या पॅनलवर हात फिरवत राहावं. थेंब दिसायच्या आधी गारवा लागतो. गारवा लागला तेव्हा पाणी ज्या सांध्यावर होतं त्याच्याजवळ मास्किंग टेपचा तुकडा लावून ठेवा. सीलंट टप पुरता कोरडा झाल्यावर भरा, आणि आतलं ओलं प्लाय सुकायला झडप उघडी ठेवून पंखा लावा. दमट हवेत त्याला चार-पाच दिवस सहज लागतात.